विश्लेषण : ‘ॲसिड हाऊस’चा जनक खरेच मुंबईकर होता का?

हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून हयात घालवलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा रागांची एक इलेक्ट्रॉनिक तबकडी ध्वनिमुद्रित केली. ती फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. २०१० मध्ये तीच तबकडी नेदरलँड्समधील एका छोट्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली आणि सिंग एकाएकी ‘ॲसिड हाऊस’ या पाश्चात्त्य नृत्यसंगीत प्रकाराचे जनक ठरले. ‘शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईने हे केले होते’ असा मजकूर समाजमाध्यमांवर आजही अधूनमधून फिरत असतो. त्याखाली अभिमानाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. या कौतुकात तथ्य किती आणि हवा किती?

चरणजीत सिंग कोण होते?

साठ आणि सत्तरच्या दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंमध्ये जे वादक रोज शिफ्टवर हजर असत, त्यांपैकी ते एक. गिटार, बास गिटार आणि अकॉर्डियनसारखे दिसणारे ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक वाद्य ते वाजवत. राहुल देव बर्मन यांच्यासह त्या काळातील अनेक आघाडीच्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. ‘दम मारो दम’मधील ट्रान्झिकॉर्डही त्यांचेच. गाणे देशभर वाजले. वादकाचे नाव मात्र स्टुडिओच्या भिंतींबाहेर फारसे गेले नाही. तेव्हाची पद्धतच तशी होती. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. ऐंशी-शंभर जणांच्या वाद्यवृंदाला तिथे जागा नसे. शिफ्टचे पैसे घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचा, असा तो व्यवसाय होता. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात याच पडद्यामागच्या वादकांच्या कहाण्या नोंदवल्या आहेत.

सिंग यांना नव्या वाद्यांचा षोक होता. चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीत तबकड्याही त्यांच्या नावावर आहेत. म्हणजे १९८२ ची तबकडी हा कुण्या नवख्याला लागलेला मटका नव्हता. यंत्रे हाताळण्याचा बराच अनुभव गाठीशी असलेल्या कसबी माणसाचे ते काम होते.

या तबकडीत नेमके आहे काय?

तिचे नाव ‘सिन्थेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या एचएमव्हीने ती काढली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत. ते वाजवण्यासाठी सिंग यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर रागाची सुरावट वाजवतो, टीआर-८०८ हे यंत्र ठेका धरते आणि टीबी-३०३ हे छोटे चंदेरी यंत्र खालच्या पट्टीत बासची न थांबणारी ओळ चालवते. हे टीबी-३०३ त्यांनी सिंगापूरहून आणले होते.

कल्पना साधी होती. १९८० चा ‘कुर्बानी’, पाठोपाठ नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’, मग ‘डिस्को डान्सर’ अशी डिस्कोची लाट तेव्हा मुंबईत उसळली होती. चित्रपटांत सगळीकडे डिस्कोच आहे, तर तबला बंद करून त्याच ठेक्यावर राग वाजवून पाहू, असे आपल्याला वाटल्याचे सिंग यांनी २०११ मध्ये ‘द गार्डियन’ला सांगितले होते. कुठलाही जाहीरनामा नाही, की भविष्यातील संगीत घडवण्याचा आव नाही. बाजारात चालणाऱ्या गोष्टीला वेगळे वळण देण्याचा हा व्यावसायिक प्रयत्न होता. तो बाजारात चालला नाही. राग ऐकणाऱ्यांना त्यात तंबोरा-तबला सापडला नाही आणि डिस्कोवाल्यांना गाणे सापडले नाही.

मग ‘जनक’ ही पदवी आली कुठून?

एदो बाउमन या डच संग्राहकाला ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीत सापडली. टीबी-३०३ चा तो चिरपरिचित ओला, पिळवटल्यासारखा आवाज ऐकून तो चक्रावला, कारण वेष्टनावर साल होते १९८२. त्याने सिंग यांना मुंबईत गाठले, तेव्हा ॲसिड हाऊस म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हते. बाउमनच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने २०१० मध्ये तबकडी पुन्हा काढली. हा सगळा बनाव असावा आणि एफेक्स ट्विनसारख्या खोडकर ब्रिटिश संगीतकाराने जुन्या तबकडीचे सोंग रचले असावे, अशीही शंका तेव्हा घेतली गेली. मूळ प्रती पुढे आल्यावर ती मिटली. मात्र वृत्तपत्रांना आणि तबकडी विकणाऱ्यांना एक सुटसुटीत मथळा मिळाला होता : ‘ॲसिड हाऊसचा शोध लावणारा भारतीय’.

सिंग यांनी स्वतः असा दावा आधी केला नव्हता. ही पदवी त्यांना युरोपने बहाल केली आणि आपण ती युरोपची मोहोर बघून स्वीकारली. त्या आधीची अठ्ठावीस वर्षे ही तबकडी इथेच, जुन्या रेकॉर्डच्या ढिगाऱ्यांत पडून होती.

शिकागोत तेव्हा काय घडत होते?

ॲसिड हाऊसची नोंदलेली जन्मकथा अशी. अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ, नॅथॅनियल जोन्स ऊर्फ डीजे पिएर आणि हर्ब जॅक्सन या शिकागोतील तीन कृष्णवर्णीय तरुणांनी ‘फ्यूचर’ नावाचा गट काढला. त्यांच्या हाती एक सेकंडहँड टीबी-३०३ लागले. हे यंत्र रोलँडच्या तादाओ किकुमोतो यांनी एकट्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून बनवले होते. ते खऱ्या बास गिटारसारखे वाजेना आणि त्यात सूर भरणे म्हणजे डोकेदुखी. त्यामुळे ते खपले नाही. १९८४ पर्यंत उत्पादनही थांबले. साहजिकच ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले.

या तरुणांना ते ‘नीट’ वाजवता येत नव्हते. सुरावट एका जागी फिरत ठेवून ते त्याचे नॉब फिरवत बसले आणि आवाज कण्हू, किंचाळू, गुरगुरू लागला. ती टेप ‘म्युझिक बॉक्स’ क्लबचा डीजे रॉन हार्डी याने वाजवली. आधी नाचणाऱ्यांनी काढता पाय घेतला आणि त्याच रात्री चौथ्यांदा वाजवल्यावर सगळे वेडे झाले, अशी आख्यायिका आहे. १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने ती ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’ने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्या संगीताची साथ पसरली.

या साखळीत मुंबईचा एकही दुवा नाही. शिकागोतील कुणी सिंग यांची तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही. जी भारतातच धड पोहोचली नाही ती तिथे पोहोचणार तरी कशी? एखाद्या संगीत प्रकाराचा जनक म्हणायचे, तर त्याच्यापासून पुढे काही निघावे लागते. २०१० पर्यंत सिंग यांच्या तबकडीपासून काहीही निघालेले नव्हते.

याचा एक विचित्र पुरावा आपल्या शेजारीच आहे. ऐंशीच्या दशकात गोव्यात, हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी पर्यटकांच्या पार्ट्यांत इलेक्ट्रॉनिक संगीत वाजू लागले. त्यातूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार जगभर गेला आणि त्यात टीबी-३०३ चा आवाज मुबलक आहे. पण तो आवाज तिथे युरोप-अमेरिकेतून आलेल्या कॅसेटींवरून आला. एका रात्रीच्या बसप्रवासावर असलेल्या मुंबईतून तो आला नाही.

तरीही दोन्ही संगीते इतकी सारखी का वाटतात?

हा या प्रकरणातील सर्वांत रंजक भाग आहे आणि ‘पहिला कोण’च्या वादात नेमका तोच बाजूला पडतो.

पहिले कारण म्हणजे दोघांची वंशावळ एक आहे. अमेरिकी संगीत उद्योगाने १९७९ नंतर डिस्कोकडे पाठ फिरवली. त्या वर्षी १२ जुलैला शिकागोच्याच एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्या जाहीरपणे स्फोटाने उडवल्या गेल्या. पण त्याच शहरातील कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांच्या क्लबमध्ये डिस्को जिवंत राहिला आणि हाताशी असलेल्या स्वस्त यंत्रांवर त्याचे ‘हाऊस’ झाले. मुंबईत याच्या उलट, डिस्को नुकताच येऊन टेकला होता. पाश्चात्त्य उद्योगाने टाकून दिलेली गोष्ट दोन शहरांनी वेगवेगळ्या कारणांनी उचलली आणि दोघांच्याही हाती रोलँडची तीच यंत्रे पडली. ठेका तोच, यंत्र तेच. भावंडांत साम्य असणारच.

दुसरे कारण रागसंगीताच्या रचनेत आहे. पाश्चात्त्य डिस्कोचे गाणे कॉर्डच्या बदलांवर चालते. दर काही मात्रांनी खालची जमीन सरकते आणि त्यातून गाण्याला गती येते. रागात तसे नसते. षड्ज एकदा लागला की शेवटपर्यंत हलत नाही आणि सगळे नाट्य त्या अचल स्वराच्या वर घडते. सिंग यांनी डिस्कोचा ठेका घेतला, पण त्यातले कॉर्ड काढून टाकले आणि खाली टीबी-३०३ ला आधारस्वराभोवती फिरत ठेवले. शिकागोच्या तरुणांनीही कॉर्ड काढूनच टाकले. त्यांना एकाच जागी गरगरणारी गुंगी हवी होती. कॉर्ड गेले, ठेका उरला आणि त्याखाली एकच ओळ फिरत राहिली. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली ही माणसे एकाच चौकात पोहोचली ती अशी.

तिसरे कारण यंत्राच्याच पोटात आहे. टीबी-३०३ मध्ये एक स्वर दुसऱ्यात घसरत नेण्याची ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. भारतीय कानाला ती मींडेसारखी लागते. सिंग यांनी ती मींड म्हणून वापरली, शिकागोत ती नुसती घसरगुंडी म्हणून आवडली. यंत्रात एका वेळी सोळा पायऱ्यांची ओळ भरता येते आणि आपल्या तीनतालाच्या मात्राही सोळाच. हा निव्वळ योगायोग, पण तालाच्या आवर्तनात वाढलेल्या वादकाला ते फिरणे परके वाटले नसणार.

फरक मात्र एका ठिकाणी आहे आणि तो निर्णायक आहे. ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये सुरावट नावाला उरते. नॉब फिरवल्यावर आवाजाचा पोत बदलतो, तो बदल हेच तिथले संगीत. सिंग यांच्या तबकडीवरही आवाज उघडत-मिटत जातो, पण प्रमुख पात्र राग आहे आणि टीबी-३०३ त्याच्या साथीला आहे. गंमत अशी की किकुमोतो यांना हे यंत्र साथीसाठीच हवे होते. म्हणजे सिंग यांनी ते बनवणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे वापरले, शिकागोकरांनी ते ‘चुकीचे’ वापरले आणि नवा प्रकार जन्मला तो त्या चुकीतून.

निदान टीबी-३०३ वापरणारे पहिले तरी ते होते का?

तेही नाही. हेवन सेव्हन्टीन या ब्रिटिश गटाचे १९८२ मधील ‘लेट मी गो’ आणि त्याच सुमाराचे ऑरेंज ज्यूसचे गाजलेले ‘रिप इट अप’ यांत हे यंत्र ऐकू येते. भारतातील पहिले इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणावे, तर तो मानही अहमदाबादकडे जातो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला आणि पुढची काही वर्षे भारतीय रचनाकारांनी तिथे प्रयोग केले. त्या टेप्स २०२३ मध्ये संग्रहरूपाने प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही केर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक सिंथेसायझर आधीपासून वाजवत होते. एकटा भारतीय, काळाच्या पुढे, अचानक उगवलेला, हे चित्र म्हणूनच खोटे आहे. सिंग एका जाणत्या परंपरेतून आले होते.

मग कौतुक करायचे ते कशाचे?

तबकडीचे. ती चांगली आहे. ॲसिड हाऊस कधी जन्मलेच नसते, तरी ती चांगलीच ठरली असती. एका माणसाने तीन यंत्रे एकमेकांशी जुळवून, त्या काळी संगणकाची मदत नसताना, सलग आणि घट्ट विणीचे वादन केले आहे. ध्वनिमुद्रण दोनच दिवसांत उरकल्याचे सांगितले जाते. चाळीस वर्षांनंतरही तिचा आवाज जुनाट वाटत नाही. त्या काळच्या बहुतेक ‘डिस्को’ गाण्यांबद्दल असे म्हणता येणार नाही. भैरवीच्या सुरुवातीला यंत्रातून येणारा मंत्रोच्चार आणि त्यापाठोपाठ सुरू होणारा ठेका आजही दचकवतो. कलावतीसारखा मोजक्या स्वरांचा राग या चौकटीत चपखल बसतो.

मर्यादाही ऐकू येतात आणि जनकपदाच्या जयजयकारात त्या कुणी बोलत नाही. ही यंत्रे समान अंतराच्या बारा स्वरांवर चालतात. तोडीचा अतिकोमल गंधार किंवा ललतमधला धैवत गायक जिथे लावतो, ती जागा त्यांच्यात नाहीच. आलापाला वाव नाही. दहाही राग साधारण पाच मिनिटांच्या साच्यात आणि जवळपास एकाच ठेक्यावर येतात. चार समान ठोक्यांच्या चालीत ‘खाली’ येत नाही, त्यामुळे समेवर येण्याची ओढही तयार होत नाही. पहाटेचा ललत आणि पावसाळी मेघमल्हार यांच्या प्रकृतीतला फरक म्हणूनच बराच पुसला जातो. रागाचा विस्तार ऐकायला बसलेल्याला ही तबकडी पातळ वाटेल, आणि त्याचे म्हणणे चूक नसेल. मात्र रागाच्या चौकटीचा नृत्यसंगीतासाठी उपयोग होऊ शकतो, कॉर्डशिवायही नाचता येते, हे १९८२ मध्ये इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी तबकडी दाखवणे कठीण आहे.

‘जनक’ म्हटले तर बिघडते काय?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, शिकागोच्या त्या तिघांचे श्रेय झाकोळते. हाऊस संगीत घडवणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या वाट्याला आधीच फार कमी आले. ज्या ‘ट्रॅक्स’ने ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले, तिच्याविरुद्ध लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या शिकागोच्याच दोन कलाकारांना २०२० मध्ये आपल्या रचनांच्या हक्कांसाठी न्यायालयात जावे लागले. २०२२ मध्ये तडजोड होऊन ते हक्क त्यांना परत मिळाले. ज्यांचे पैसे बुडाले, त्यांचे नावही आता ‘आधी मुंबईत झाले होते’ म्हणून पुसायचे, हा न्याय अजब आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. ‘हे आम्ही आधीच केले होते’ या वाक्याची मुंबईला जुनी सवय आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा समकालीन भक्कम पुराव्याशिवायच पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सिंग यांची गोष्ट तशी नाही. त्यांचा पुरावा वाजवून ऐकता येतो. त्याला खोट्या पदवीचा टेकू लावला की एखाद्या शिकागोप्रेमीने दावा खोडून काढताच तबकडीही निकालात निघते. खरा प्रश्न, असा वादक हयातभर पडद्यामागे का राहिला, हा विचारायचा राहूनच जातो.

हा प्रश्न सिंग यांच्यापुरता नाही. १९८२ मध्येच आलेली रूपा बिस्वास यांची ‘डिस्को जाझ’ ही तबकडी अशीच विस्मरणात गेली आणि २०१९ मध्ये अमेरिकी कंपनीने पुन्हा काढल्यावर भारतात तिची चर्चा झाली. दोन्ही वेळा शोध घेणारे बाहेरचे होते. जुन्या तबकड्यांच्या मूळ फिती, शिफ्टच्या नोंदी आणि वादकांच्या याद्या जपण्याची व्यवस्था इथे उभी राहिली असती, तर परदेशी संग्राहकाची वाट पाहावी लागली नसती. त्या काळचे जे वादक आज हयात आहेत, ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

सिंग यांना उशिरा का होईना, त्यातले थोडे पाहायला मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपातील मंचांवर त्याच जुन्या यंत्रांवर हे राग पुन्हा वाजवले आणि त्यांच्यापुढे ही तबकडी निघाली तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.